सुगी, लग्न आणि गाठ : वैरागच्या वाटेवरच्या एका गावातलं प्रकरण

फेब्रुवारीत भरलेल्या एका सरकारी कागदावर ‘स्तनात गाठ आहे का?’ या प्रश्नापुढे ‘नाही’ असं लिहिलेलं आहे. गाठ तेव्हा होती, आणि ती आहे हे त्या बाईंना महिनाभरापासून ठाऊक होतं. हा ‘नाही’ कुठून आला आणि पुढे कुणाकुणाच्या हातून किती दिवस गेले, तेवढंच इथे पाहायचं आहे.

गावाचं नाव देत नाही. सोलापूर जिल्ह्यात मोहोळ आणि बार्शी तालुक्यांच्या शिवेजवळचं, वैरागला बाजाराला जाणारं गाव आहे एवढं पुरे. ओळख पटू नये म्हणून वय, नाती, महिने थोडे इकडेतिकडे केले आहेत, आणि याच वळणाच्या इतर बायकांच्या हकिगतींतले तपशीलही यात मिसळले आहेत. बाईंना गावातली आशाताई ‘मावशी’ म्हणते. आपणही तेच म्हणू.

मावशींचं वय ४६. दोन एकर कोरडवाहू रान, त्यात रब्बीची ज्वारी आणि थोडा हरभरा. घरचं काम नसेल तेव्हा दुसऱ्याच्या रानात रोजानं. थोरला मुलगा चिंचोळीच्या एमआयडीसीत कामाला, त्याची बायको पहिलटकरीण, धाकटी मुलगी लग्नाची. मावशींचं स्वतःचं लग्न सतराव्या वर्षी झालं, तीन बाळंतपणं झाली, आणि पंचविशीच्या आत ‘ऑपरेशन’ झालं. हे ऑपरेशन इथे महत्त्वाचं आहे. त्यानंतरच्या वीस-एकवीस वर्षांत ताप-खोकल्याची गोळी सोडली तर कुठल्याही डॉक्टरणीनं किंवा नर्सनं त्यांना तपासणीच्या पलंगावर झोपवलेलं नव्हतं. लेकरं होण्याचं वय संपलं की आपल्याकडची बाई आरोग्यखात्याच्या नजरेतून उतरते. ज्या वयात स्तनाचा कर्करोग वाढीला लागतो, नेमकं त्याच वयात.

त्या घरी आशाताईची ये-जा मात्र भरपूर होती. सुनेचं नाव नोंदवायचं, लोहाच्या गोळ्या द्यायच्या, धनुर्वाताचं इंजेक्शन, सोनोग्राफीची तारीख. प्रत्येक वेळी चहा मावशींनीच केला.

संक्रांतीनंतर

गाठ पहिल्यांदा हाताला लागली ती अंघोळीच्या वेळी, संक्रांत होऊन गेल्यावर. डाव्या बाजूला, काखेच्या अंगाला, बोराएवढी. दाबली तर दुखत नव्हती. न दुखणं हेच मावशींच्या दृष्टीनं काळजी न करण्याचं कारण ठरलं. नंतर एकदा त्या म्हणाल्या, “दुखत आसतं तर गेले आसते की वो. न दुखणाऱ्याला काय म्हणून दाखवायचं?”

गावोगावी लावलेल्या फलकांवर ‘गाठ’ हा शब्द मोठ्या अक्षरांत असतो, ‘न दुखणारी’ हे शब्द खाली बारीक अक्षरांत असतात किंवा नसतातच. माझ्या मते क्रम उलटा हवा. दुखणारी गाठ माणसाला आपसूक दवाखान्यात नेते. स्तनाच्या कर्करोगाची गाठ सुरुवातीला बहुधा दुखत नाही, आणि शेतात राबणाऱ्या बाईच्या हिशेबात जे दुखत नाही ते आजारपण नसतं. त्यात जानेवारीअखेरीला ज्वारी हुरड्यातून पुढे सरकलेली असते. थोड्याच दिवसांत काढणी. ज्वारी उपटायची, पेंढ्या बांधायच्या, कणसं मोडायची. सगळं काम खांद्याचं आणि दंडाचं. तिथे काही टणक लागलं तर ‘शीर आखडली असंल’ हे उत्तर अगदी तयार असतं.

मावशींनी कुणाला सांगितलं नाही. जावेला सांगावं असं एकदा मनात आलं होतं, पण जाऊ सांगत सुटेल ही भीती होती. नवऱ्याला सांगण्याचा प्रश्नच त्यांच्या मनात उभा राहिला नव्हता. हा काय पुरुषाला सांगायचा विषय आहे?

ओट्यावर विचारलेला प्रश्न

तिशीच्या पुढच्या प्रत्येक बाई-पुरुषाची चौकशी करून आशा कार्यकर्तीनं एक तक्ता भरायचा असतो. आधी धोक्याचे गुण मोजणारे प्रश्न: तंबाखू, दारू, कमरेचा घेर, घरात कुणाला साखर-बीपी, आणि पुढच्या भागात लक्षणं. बायकांसाठीच्या प्रश्नांत स्तनातली गाठ, बोंडीतून रक्तासारखा स्राव, स्तनाच्या आकारात फरक हे तिन्ही आहेत. एकाही लक्षणाला ‘हो’ आलं तर गुण मोजत न बसता त्या व्यक्तीला लगेच वरच्या दवाखान्यात पाठवायचं, असा नियम आहे. तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख या तीन कर्करोगांसाठी तिशीपुढच्यांची तपासणी करण्याची केंद्र सरकारची चौकट २०१६ ची. तिच्यात स्तनाची हातानं तपासणी पाच वर्षांतून एकदा, प्रशिक्षित परिचारिकेनं किंवा डॉक्टरनं करायची आहे. कागदावर योजना चांगली आहे, हे आधी मान्य करतो.

मावशींचा तक्ता भरला गेला तो ओट्यावर. सासरे समोर बाजेवर बसलेले. शेजारीण डाळ निवडत होती. दिवस मावळायच्या आत दहा घरं उरकायची म्हणून आशाताई प्रश्न भरभर विचारत गेली. तंबाखू? मिसरी लावता का? चालताना दम लागतो? आणि त्याच चालीवर पुढचा प्रश्न. मावशी म्हणाल्या, “काय न्हाय बाई.”

आशाताईला दोष द्यावा असं मला वाटत नाही. ती गावातलीच सून आहे, तिच्याही तोंडून तो शब्द सासऱ्यांच्या देखत मोठ्यानं निघाला नसणार. विचारला असेल तो पुटपुटत. तिला मोबदला कामागणिक मिळतो, आणि तक्ता पूर्ण झाला की काम झालं. पण आकडेवारीत काय झालं ते पाहा. त्या महिन्यात मावशींची गणती ‘चौकशी झालेल्या, लक्षण नसलेल्या’ बायकांत झाली. हात लावून तपासणी व्हायची ती पुढच्या शिबिरात होणार होती. शिबिर झालं ते मार्चच्या पहिल्या आठवड्यात, ऐन काढणीत, सकाळी अकरा वाजता. त्या वेळेला गावात म्हातारी माणसं आणि शाळेची पोरं सोडून कुणी नसतं.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) देशभरातल्या ३० ते ४९ वयाच्या बायकांना विचारलं होतं की स्तनाची कर्करोगासाठी तपासणी कधी तरी झाली आहे का. ‘हो’ म्हणणाऱ्या शंभरात एकही भरत नाहीत, ०.९ टक्के आहेत. अशा आकड्यावर ‘बायकांत जाणीव नाही’ असं म्हणून मोकळं होणं सोपं असतं. मावशींना जाणीव होती. बोट ठेवून दाखवता येईल इतकी.

पाच दिवसांच्या गोळ्या

काढणी उरकली, मळणी झाली, कडबा रचून झाला. मार्च संपता संपता मावशी आपणहून बाजाराच्या गावी एका खाजगी दवाखान्यात गेल्या. हे या हकिगतीतलं सगळ्यात धाडसाचं पाऊल, आणि ते नेमकं वाया गेलं. डॉक्टरांनी साडीच्या पदरावरूनच कुठे ते विचारलं, ‘पाळी जायच्या वयात अशा गाठी होतात’ म्हणाले, आणि पाच दिवसांच्या अँटिबायोटिक गोळ्या, सुजेची गोळी आणि लावायला मलम दिलं. परत बोलावलं नाही.

पू होऊन गाठ येते ती बहुतेक करून अंगावर पाजणाऱ्या बाईला. ताप असतो, जागा लाल होते, गरम लागते, ठणकते. मावशींच्या अंगावरचं दूध तुटून वीस वर्षं होत आली होती. ताप नाही, लाली नाही, दुखणं नाही. अशा बाईची गाठ हातानं नीट तपासल्याशिवाय आणि सोनोग्राफी-मॅमोग्राफी झाल्याशिवाय गोळ्यांवर सोडायची नसते. एवढं साधं सूत्र खाजगी दवाखान्यांपर्यंत पोचवायला कुणी जात नाही. आपली सगळी प्रशिक्षणं सरकारी कर्मचाऱ्यांची. गावातली बाई पहिल्यांदा जाते मात्र तिथेच, बाजाराच्या दिवशी, पिशवीत भाजी घेऊन.

गोळ्यांनी गाठ गेली नाही, पण मावशींच्या मनाचं समाधान झालं. डॉक्टरला दाखवलं होतं. आता ‘दाखवलं नाही’ असं कुणी म्हणू शकत नव्हतं, त्या स्वतःसुद्धा.

एप्रिलमध्ये मुलीची सोयरीक जमली. माढ्याकडचं स्थळ, मुलगा साखर कारखान्यात कायम. लग्न वैशाखात. मावशींनी नंतर सांगितलं की गाठ वाढतेय हे त्यांना या काळात कळत होतं. पण आईला ‘तसला’ आजार आहे हे वरपक्षाला कळलं तर? एक तर सोयरीक मोडेल, नाही तर पोरीला जन्मभर ऐकावं लागेल. या भीतीला अडाणीपणा म्हणायची घाई करू नये. स्थळ मोडण्याची शक्यता खरी होती आणि त्या गावात अशी उदाहरणं होती. मावशींनी हिशेब केला, आणि त्यांच्या हातात जेवढी माहिती होती तेवढ्यावर तो बरोबर होता. चार महिने थांबल्यानं काय फरक पडतो, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. गाठ असणं वाईट, हे सगळ्यांनी सांगितलं होतं. तिला घड्याळ लागलेलं असतं, हे कुणीच नाही.

लग्न झालं. मग मृगाचा पाऊस, उडीद-तुरीची पेरणी. मग आषाढी, घरात पंढरीला पायी जाणारे सासरे, त्यांची दशमी-चटणी. कॅलेंडरमध्ये बाईसाठी रिकामा असा आठवडा नव्हताच.

सुनेनं सांगितलं

जुलैअखेरीला आशाताई बाळंतिणीला बघायला घरी आली. वजन, टाके, बाळाचं अंगावर पिणं, सगळं विचारून उठताना सून तिच्या मागोमाग दारापर्यंत आली आणि हळूच म्हणाली, “ताई, आत्या डावा हात वर करंनात. बाळाला न्हाऊ घालताना उजव्याच हातावर घेत्यात. विचारलं तर बोलत न्हाईत.”

आशाताईनं त्या दिवशी काही विचारलं नाही. दोन दिवसांनी ‘बीपी तपासायला चला’ म्हणून मावशींना उपकेंद्रात नेलं. उपकेंद्राला आता आयुष्मान आरोग्य मंदिर म्हणतात, गावात अजून ‘दवाखाना’च. तिथली समुदाय आरोग्य अधिकारी तिशीच्या आतली मुलगी, लातूरकडची. तिनं बीपी घेतलं, मग दार लोटून पडदा ओढला आणि विचारलं, “मावशी, मी छाती तपासली तर चालेल का? सगळ्या बायकांची तपासते.” मावशी काही न बोलता गुंड्या काढू लागल्या.

डावीकडे वरच्या-बाहेरच्या भागात टणक, कडा न लागणारी गाठ. हात डोक्यावर घ्यायला सांगितला तेव्हा कातडी आत ओढली गेली. काखेत आणखी एक बारीक, हलणारी गाठ. तपासायला दहा मिनिटं लागली असतील. गाठ संक्रांतीत लागली होती हे मावशींनी तिथे पहिल्यांदा बोलून दाखवलं.

पुढची चाल या तरुण मुलीनं चांगली खेळली. तिनं नुसती चिठ्ठी लिहून दिली नाही. ‘मोठ्या दवाखान्यात दाखवा’ ही चिठ्ठी पदराच्या गाठीत बांधून महिनोन्‌महिने फिरते, हे तिला माहीत होतं. तिनं मुलाला फोन लावायला सांगितला, आईसमोर त्याच्याशी बोलली, ‘कर्करोग’ हा शब्द वापरला नाही, पण शंका लपवलीही नाही: “गाठीची तपासणी लवकर व्हायला पाहिजे, दहापैकी आठ-नऊ गाठी साध्या असतात, पण ही साधी आहे असं मी हात लावून म्हणू शकत नाही.” दिवस ठरवला, बरोबर आशाताई जाईल हे ठरवलं, रेशनकार्ड आणि आधार पिशवीत टाकायला लावलं. मावशी म्हणाल्या, “मालकाला काय सांगू?” तेही तिनं सांगितलं. नवरा संध्याकाळी ऐकून बराच वेळ गप्प बसला, मग एवढंच म्हणाला, “आधीच का बोलली न्हाईस गं?”

सुईची भीती

सोनोग्राफी आणि मॅमोग्राफी झाली. दोन्हींत संशय. सुईनं तुकडा काढायचा ठरलं आणि घरात वादळ उठलं. चुलत दीर आले, एक शिकलेला भाचा आला. “सुई लावली की पसरतो. आमच्याकडं एकीला सुई टोचली आणि दोन महिन्यांत गेली.” पुण्याकडच्या कुण्या वैदूचा पत्ताही निघाला.

ही समजूत का टिकते याचा विचार केला पाहिजे. गावात ज्या बायकांना सुई टोचली जाते त्या बहुतेक उशिरा आलेल्या असतात, आजार आधीच पसरलेला असतो. लोक पाहतात ते खरंच: सुई, आणि त्यामागून मरण. चूक निरीक्षणात नाही, कारण जोडण्यात आहे. सुईनं तुकडा काढण्याच्या या तपासणीत (ट्रू-कट बायोप्सी) जागा बधिर करून जाडसर सुईनं गाठीचे दोऱ्यासारखे दोन-चार तुकडे काढतात, टाका पडत नाही, बाई त्याच दिवशी घरी येते. या तुकड्यांवरून कर्करोग आहे की नाही हे कळतंच, शिवाय त्या पेशींवर संप्रेरकं (हार्मोन) धरणाऱ्या जागा आहेत का, हर-टू नावाचं प्रथिन जास्त आहे का हे तपासतात आणि औषधं त्यावर ठरतात. तपासणीशिवाय गाठ नुसती कापून टाकणं जास्त घातक. छोट्या दवाखान्यात ‘गाठ काढली’, तुकडा कुठे पाठवला नाही, आणि वर्षानं बाई पुन्हा गाठ घेऊन उभी, ही कथा या जिल्ह्यात कर्करोगाचं काम करणाऱ्या कुणालाही नवी नाही.

वाद मिटवला तो आशाताईच्या युक्तिवादानं नव्हे. वैरागजवळच्या एका वस्तीवरच्या बाईंना नऊ वर्षांपूर्वी हाच आजार झाला होता. आशाताई त्यांना घेऊन आली. त्यांनी पदर बाजूला करून ऑपरेशनचा व्रण दाखवला आणि सुईचं बोलणं तिथे संपलं.

‘तीन लेकरं पाजली, तिला कसा होईल?’ असंही एकानं विचारलं होतं. प्रश्नात तथ्य आहे. तीस देशांतल्या ४७ अभ्यासांची माहिती एकत्र करून २००२ मध्ये काढलेल्या निष्कर्षानुसार, अंगावर पाजण्याच्या दर बारा महिन्यांमागे स्तनाच्या कर्करोगाचा धोका ४.३ टक्क्यांनी उतरतो, शिवाय प्रत्येक बाळंतपणामागे ७ टक्क्यांनी. खेड्यात या कर्करोगाचं प्रमाण मुंबई-पुण्यापेक्षा कमी दिसतं त्यामागे हेही एक कारण. पण उतरलेला धोका म्हणजे नसलेला धोका नव्हे. ‘आपल्यात हा होत नाही, शहरातल्या बायकांना होतो’ ही समजूत अर्ध्या सत्यावर उभी असल्यामुळे जास्त चिवट आहे.

बार्शी

रिपोर्ट ऑगस्टच्या शेवटी आला. कर्करोग, संप्रेरकांना प्रतिसाद देणारा. गाठ साडेपाच सेंटिमीटर, काखेत पसरलेला, पण सीटी स्कॅन आणि हाडांच्या स्कॅनमध्ये इतरत्र काही नाही. चारपैकी तिसरा टप्पा. पुढचे उपचार बार्शीला झाले.

सोलापूर जिल्ह्याचं एक वेगळेपण इथे सांगायलाच हवं. देशातली ग्रामीण लोकसंख्येवर आधारलेली पहिली कर्करोग नोंदणी बार्शीत १९८७ मध्ये सुरू झाली. बार्शी, परांडा, भूम या तालुक्यांतली ३४६ गावं तिच्यात आली. खेड्यातला रुग्ण रुग्णालयात येईलच असं नाही, म्हणून नोंदणीचे कर्मचारी गावोगाव फिरत, लक्षणं विचारत, लोकांशी बोलत. शहरातल्या नोंदणीला हे करावं लागत नाही. नोंद ठेवायला गेलेली माणसं अशा रीतीनं लक्षणं सांगणारीही झाली, आणि गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या बायका पूर्वीपेक्षा आधीच्या टप्प्यात येऊ लागल्या. मावशींचं गाव बार्शीपासून एसटीनं तास-दीड तासाच्या अंतरावर आहे. रुग्णालय जवळ असणं आणि बाई वेळेवर पोचणं यांत किती अंतर असू शकतं, ते या प्रकरणात दिसतं.

आधी केमोथेरपी, दर तीन आठवड्यांनी, गाठ लहान करायला. मग पूर्ण स्तन काढण्याची शस्त्रक्रिया, मग रेडिएशन, मग संप्रेरकाचा परिणाम रोखणारी टॅमॉक्सिफेनची रोज एक गोळी, निदान पाच वर्षं. उपचाराचा खर्च महात्मा फुले जन आरोग्य योजनेत बसला. रुग्णालयात योजनेचं काम पाहणाऱ्या आरोग्यमित्राच्या टेबलावर कागद पुरे होते हे आधीच्या तयारीचं फळ. निदान होईपर्यंतच्या काही तपासण्यांचे पैसे मात्र घरातून गेले. एसटीत बायकांना २०२३ पासून अर्धं तिकीट आहे, त्याचा उपयोग झाला, पण सोबत येणाऱ्या मुलाला पूर्ण तिकीट आणि त्या दिवसाचा खाडा. केमोच्या दुसऱ्या फेरीनंतर केस गेले. मावशी डोक्यावरचा पदर आधीपासूनच पुढे ओढून घेत, त्यामुळे गावाला ते उशिरा कळलं. सूनबाईनं मात्र त्या काळात तान्ह्या बाळासकट घर ओढलं, आणि माझ्या मते या प्रकरणातली सगळ्यात कमी दखल घेतली गेलेली व्यक्ती तीच.

जागतिक आरोग्य संघटनेनं २०२१ मध्ये स्तनाच्या कर्करोगासाठी तीन उद्दिष्टं मांडली: साठ टक्क्यांहून जास्त रुग्ण पहिल्या-दुसऱ्या टप्प्यात सापडावेत, रुग्ण दवाखान्यात आल्यापासून साठ दिवसांत निदान व्हावं, आणि ऐंशी टक्के रुग्णांचा उपचार पूर्ण व्हावा. मावशींच्या फाइलवर पहिली तारीख जुलैअखेरची आहे. त्या हिशेबानं निदान साठ दिवसांच्या आत झालं. आढावा बैठकीत हे प्रकरण यशस्वी म्हणून मांडता येईल. मार्चमधल्या त्या खाजगी दवाखान्यापासून मोजलं तर पाच महिने होतात. संक्रांतीपासून मोजलं तर सात. घड्याळ कुठून सुरू करायचं हे जो ठरवतो, तोच निकालही ठरवतो.

देशातल्या लोकसंख्यानिष्ठ नोंदण्यांतून काढलेल्या अंदाजानुसार स्तनाच्या कर्करोगात पाच वर्षं जगणाऱ्यांचं प्रमाण सुमारे ६६ टक्के आहे. आजार स्तनापुरता असेल तर ते ८१ च्या आसपास, शरीरात दूर पसरला असेल तर १८ च्या आसपास. मावशी मधल्या पायरीवर सापडल्या.

तपासणीनं काय होतं, काय होत नाही

मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयानं १९९८ पासून वीस वर्षं चालवलेला अभ्यास आपल्या कामाचा आहे. झोपडपट्ट्यांतल्या ३५ ते ६४ वयाच्या दीड लाखाहून जास्त बायका त्यात होत्या. निम्म्या वस्त्यांत प्रशिक्षण दिलेल्या आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी हातानं स्तन तपासले, दुसऱ्या निम्म्यांत फक्त माहिती दिली. तपासलेल्या बायकांत आजार आधीच्या टप्प्यात सापडू लागला. पन्नाशीपुढच्या बायकांत या कर्करोगानं होणारे मृत्यू जवळजवळ ३० टक्क्यांनी घटले. सगळी वयं एकत्र धरली तर घट १५ टक्के होती, पण ती योगायोगाची असण्याची शक्यता संशोधकांना नाकारता आली नाही. हे दोन्ही सांगितलं पाहिजे. चाळिशीच्या आसपासच्या बाईला ‘तपासून घे, वाचशील’ अशी हमी देता येत नाही. आधी सापडलं तर शस्त्रक्रिया लहान होईल, कदाचित स्तन वाचेल, हे मात्र सांगता येतं. बोराएवढी असताना मावशींची गाठ हाती लागली असती तर बहुधा त्यांचा स्तन राहिला असता.

‘दर महिन्याला आरशासमोर स्वतः तपासा’ हा सल्ला आपण जिथेतिथे देतो. शांघायच्या कापड गिरण्यांतल्या २ लाख ६६ हजार बायकांवर याची परीक्षा झाली. अर्ध्यांना स्वतः तपासण्याचं नीट प्रशिक्षण दिलं, वारंवार आठवण करून दिली. २००२ मध्ये निकाल आला: मृत्यूंत फरक नाही, साध्या गाठींच्या बायोप्सी मात्र वाढल्या. त्यामुळे आता भर आपलं अंग ओळखीचं असण्यावर आणि बदल दिसला तर लगेच दाखवण्यावर देतात. पाळी चालू असलेल्या बाईनं पाहायचंच तर पाळी सुरू झाल्यापासून सातव्या ते दहाव्या दिवसाच्या सुमारास, तेव्हा स्तन मऊ असतात. आणि आरसा? मावशींच्या घरात तो भिंतीवर, दाढीच्या उंचीला, हाताच्या पंजाएवढा होता.

उपकेंद्रानं काय बदललं

फार काही नाही, पण जे बदललं ते कामाचं. तक्त्यातले स्तनाविषयीचे तीन प्रश्न आशाताई आता ओट्यावर विचारत नाही. बाकी तक्ता घरी भरते, आणि हे तीन प्रश्न ‘बीपी तपासायला या’ म्हणून उपकेंद्रात पडद्याआड विचारले जातात, तेही आरोग्य अधिकाऱ्याकडून, हातानं तपासताना. बीपीचं निमित्त घरच्यांना पटतं. बाईनं कुठे जातेय हे सासूला सांगायला सोपं जातं. काढणीच्या दोन महिन्यांत शिबिर ठेवायचं नाही, ठेवलंच तर संध्याकाळी सातनंतर. आणि चिठ्ठी दिलेल्या बाईचं नाव वहीत तिच्या पुढच्या तारखेसह लिहायचं. तारीख उलटली की फोन बाईला करायचा नाही, तिनं सांगितलेल्या माणसाला करायचा. तो माणूस नवराच असेल असं नाही, बऱ्याचदा तो भाऊ असतो.

पहिल्या काही आठवड्यांतच एक अडतीस वर्षांची शेजारीण गाठ घेऊन आली. मावशींचं ऐकून घाबरली होती. सोनोग्राफीत पाण्याची साधी गाठ निघाली, चार दिवसांत विषय मिटला. अशा बायका येत राहणार, आणि त्या ‘उगीच’ आल्या असं कुणी म्हणू नये. मावशींच्या जावेनं मात्र तपासून घ्यायला साफ नकार दिला आहे. “सापडलं तर काय करू?” हा तिचा प्रश्न आहे, आणि तिच्या घरची परिस्थिती पाहता त्याला ‘योजना आहे’ हे पुरेसं उत्तर नाही. मुलीच्या माढ्याकडच्या सासरी कळलं. सासूनं दोन दिवस तोंड फिरवलं, मग स्वतःच विचारलं की आपल्याकडच्या दवाखान्यातही तपासतात का.

अजून एक गोष्ट सुटलेली नाही. जिल्ह्यात साखर कारखाने दाट आहेत, आणि दिवाळी उलटली की मराठवाड्यातून ऊसतोडीच्या टोळ्या येतात. गावाबाहेर कोप्या पडतात. त्यांतल्या तिशीपुढच्या बायका इथल्या वहीत नसतात, कारण त्या इथल्या नाहीत. त्यांच्या गावच्या वहीत त्यांच्यापुढे ‘स्थलांतरित’ असं लिहिलेलं असतं. पहाटे फडात जाऊन अंधार पडल्यावर परतणाऱ्या बाईला पडद्याची खोली कुठे आणि कधी द्यायची? आरोग्य अधिकाऱ्यानं मुकादमाशी बोलून पाहिलं. कारखाना बंद असेल त्या दिवशी या, तो म्हणाला. तो दिवस कुठला, ते त्यालाही आदल्या रात्रीच कळतं. या हंगामात ती रात्रीचा फोन चालू ठेवणार आहे.